पुढच्या चाकाचा बोल्ट

मंगळवार, ता. ७ नोव्हेंबर १९६७. मुरबे.

चि. वामनने काल सायंकाळी मोटारसायकल आणली. घेण्यापूर्वी मला विचारले नाही, आणल्यावर दाखविली. काळा रंग, टाकीवर ओरखडा नाही. मैलांचा आकडा तेराशेच्या आत, म्हणजे गाडी जवळजवळ नवीच. तारापूरच्या प्रकल्पावर चि. वा. स्टोअरमध्ये आहे. तेथील एका तरुण इंजिनिअरसाहेबांची ही गाडी. त्यांची नागपुराकडे, त्यांच्या मूळ मुलखात, बदली झाली म्हणून त्यांच्या वडील बंधूंनी ती विकली, असे तो म्हणाला. पावसाळाभर बोईसरला त्या बंधूंकडे छपराखाली उभी होती.

जानू तांडेल सकाळीच ओट्यावर हजर. "काय मिस्त्री, पोराला रस्त्यावरची होडी घेऊन दिली काय? तपासून तरी दिली का तशीच सोडली?"

मी म्हणालो, माझ्या घरून काहीही तपासल्यावाचून सुटत नाही.

"व्हय व्हय, तुमचा पाना म्हंजे कोर्टाचा शिक्का."

थट्टा होती, परंतु खोटे नव्हते. लाँचांची इंजिने मी बावीस वर्षे सांभाळली. मुरब्यापासून केळव्यापर्यंत मला बोलावणे येत असे. शिक्षण इयत्ता चौथी, परंतु इंचाचे अपूर्णांक मला कोणी शिकवावे लागले नाहीत. माझ्या पान्याखाली एकाही बोल्टाचे आटे गेलेले नाहीत.

गुरुवार, ता. ९ नोव्हें.

लिहावे की न लिहावे, असा विचार करून लिहीत आहे.

होडीने किनारा सोडण्यापूर्वी इंजिनाचा प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळून पाहावा, ही आमची रीत. समुद्रात इंजिन थरथरते आणि जे सैल असेल ते सुटते. बोल्ट कुरकुरेपर्यंत आवळावयाचा आणि त्यावर आणखी चतकोर वेढा द्यावयाचा. त्याप्रमाणे आज पहाटे गाडीचे सर्व बोल्ट पाहिले. पुढच्या चाकाचा आस ज्या खोबणीत बसतो, ती खोबण आवळून धरणारा उजवीकडचा बोल्ट केसभर सैल वाटला. पाना लावला. कुरकुरला. चतकोर वेढा दिला.

हातात काहीतरी मऊ झाले. शब्द सापडत नाही. घट्ट धरलेले बोट कोणी सोडून द्यावे तसे. त्यानंतर बोल्ट नुसता फिरू लागला.

लाँचचे इंजिन बिडाचे असते. येथे तो भाग पांढऱ्या हलक्या धातूचा आहे, हे मी पाहिले होते. पाहूनही चतकोर वेढा दिला.

सूनबाई सौ. सिंधू चहा घेऊन आली. "काय झाला बाबा?"

"काही नाही."

जाळ्याचे सूत तेलाराळेत भिजवून बोल्टाच्या आट्यांत गुंडाळले आणि बोल्ट पुन्हा बसविला. धरला. चि. वा. सहा वाजता गाडी घेऊन कामावर गेला. मी त्यास सांगितले नाही.

सायंकाळी सुखरूप परतला.

शुक्रवार, ता. १० नोव्हें.

काल रात्रीच बोल्टाच्या डोक्यापासून चाक धरणाऱ्या काट्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक सलग रेघ ओढून ठेवली होती. बोल्ट फिरला तर रेघ तुटेल.

सकाळी रेघ तुटलेली होती. पाव वेढा, सैल होण्याच्या दिशेने. गाडी रात्रभर जागची हललेली नाही.

कारण: दिवसाच्या उन्हाने धातू फुगतो, रात्रीच्या गारव्याने आकसतो. त्यायोगे सूत सरकते. हे कारण योग्य आहे.

पुन्हा आवळला. नवी रेघ. चि. वा. गेला.

रविवार, ता. १२ नोव्हें.

आज चि. वा. तरीने सातपाटीस गेला. गाडी घरी, पडवीसमोर, सावलीत. ऊन लागत नाही अशी जागा मी मुद्दाम निवडली.

अकरा वाजता रेघ सलग होती. मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. बाराला पाहिले: सलग. साडेबाराला: सलग. आळीत माणूस नाही, सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांवर कावळा देखील नाही. नेहमी ते हाकलावे लागतात.

पाणी पिण्यास आत गेलो. तांब्या उचलला, प्यालो, ठेवला. पन्नास आकडे मोजण्याइतका वेळ.

परत आलो तो बोल्ट जमिनीवर. पायरीच्या दगडावर, डोके खाली व आटे वर, असा उभा. वरून पडलेला बोल्ट आडवा पडतो. तो कोणी ठेवावा तसा होता.

शेजारची मुले सर्व खाडीवर होती, विचारून खात्री केली. सिंधू मागील दारी भांडी घाशीत होती.

पुन्हा सूत भरून बसविला.

सोमवार, ता. १३ नोव्हें.

चि. वा. गाडी घेऊन कामावर गेला. आजही मी गप्प राहिलो. येथे तरी कबूल करतो.

दुपारी मी बंदरावर होतो. घरी येताच सिंधू म्हणाली, "बाबा, तुमच्याकडं एक जन आलेला."

"कोण?"

"आपल्याकडचा नाय. ‘मिस्त्री आहेत काय जी,’ असा इचारला. मी बोलली बंदरावर गेलेत. तर बोलला, आठ दिवसांनी दाखवा म्हनले होते, म्हनून आलो जी."

"काय दाखवा?"

"ता मी पन इचारला. तर आपली गाडी उभी रायते ना, त्या जागेकडं बघत रायला. मी पानी आनाया वळली, तवर गेला. फाटक पन वाजला नाय."

वय? विशी-पंचविशीचा. कपडे? चांगले, साहेबी. पायी आला होता.

मी गेल्या पंधरवड्यात कोणासही आठ दिवसांनी दाखवा असे सांगितलेले नाही. सिंधूस तसे सांगितले. ती म्हणाली, "मंग चुकून आला आसंल." आणि भाकरीकडे वळली.

मंगळवार, ता. १४ नोव्हें.

चि. वा. आज प्रकल्पाच्या ट्रकने गेला. काल बोईसरच्या पुढे गाडीचे हँडल हातात थरथरले, म्हणाला. "बाबा, जरा बघा ना. तुमच्याशिवाय कोनाला कळनार?"

पूर्ण उजेडात, दहा वाजता, बोल्ट काढला व भोकातले सूत आकड्याने ओढून काढले. माझे सूत पांढरे, ताजे. ते संपल्यावर आकडा पुन्हा अडकला. आत आणखी सूत होते. काळे पडलेले, राळेने दगड झालेले.

म्हणजे आटे पूर्वीच गेलेले होते! माझ्या आधी कोणीतरी ते घालविले आणि सूत भरून झाकले. गुरुवारी माझ्या हाताखाली जे मऊ झाले ते ते जुने सूत. पाच दिवसांत प्रथमच पोटभर जेवलो.

सायंकाळी चि. वा. येताच त्यास म्हणालो, "तुझ्या साहेबाने बिघडलेली गाडी तुझ्या गळ्यात बांधली. बदलीच्या गावी पत्र लिही. माझा हात लागण्यापूर्वीच आटे गेलेले होते."

तो पायरीवर बसला. बराच वेळ चपलेचा पट्टा काढीत होता.

"साहेबांची बदली नाय झाली, बाबा."

"मग?"

"साहेब गेले. मे महिन्यात, तेरा तारखेला. बोईसर-तारापूर रस्त्यावर. म्हैस आडवी आली असा बोलतात. गाडी गवतात आडवी पडलेली, दिव्याची काच पन फुटली नाय. साहेब पुढं दगडावर." नंतर म्हणाला, "तुमाला सांगितला असता तर तुमी गाडी दारात उभी करू दिली नसती. म्हनून खोटा बोललो."

मी त्यास रागावलो नाही. रागावणे माझे काम होते. माझे लक्ष हातातील काळ्या सुताकडे होते.

ते जाळ्याचे सूत आहे. दुहेरी केलेले. आट्यांच्या उलट दिशेने गुंडाळून शेवटचे टोक जाळ्याच्या गाठीने खाली दडपलेले. लाँचवर पाण्याच्या पंपाचे बोल्ट आम्ही असे बसवीत असू. नागपूरकडील साहेबास हे ठाऊक असणे शक्य नाही.

टोक डावीकडे दडपलेले आहे. सारे उजवीकडे दडपतात. माझा उजवा आंगठा एका इंजिनाने अर्धा नेला तेव्हापासून मी

बुधवार, ता. १५ नोव्हें.

पेटीतून मे महिन्याची वही काढली.

"रविवार, ता. ७ मे. उकाडा. दुपारी एक परगावचे तरुण गृहस्थ मोटारसायकलवरून समुद्र पाहण्यास आले होते. पुढच्या चाकाचा बोल्ट सैल होता तो आवळून दिला. आठ दिवसांनी पुन्हा दाखवा असे सांगितले. बांगडा बरा मिळाला."

एवढेच. आटे गेल्याचे लिहिलेले नाही. सूत भरल्याचे लिहिलेले नाही. बांगड्याचे लिहिले आहे.

आता सर्व आठवते. नवी कोरी काळी गाडी. मी आवळला, कुरकुरला, आणखी चतकोर वेढा दिला. ते गृहस्थ समुद्राकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या नकळत सूत भरले आणि म्हणालो, झाले. त्यांनी विचारले, "टिकेल ना जी?"

मी म्हणालो, "माझ्या हातचे काम आहे."

त्यांनी वाकून नमस्कार केला होता. माझ्या वयास मान म्हणून.

रविवार सात ते शनिवार तेरा. आठ दिवस पुरे झाले नाहीत.

गाडी मी ओळखली कशी नाही? पन्नास वेळा तिच्यापुढे बसलो, तीच टाकी, तेच चाक. मनुष्य स्वतःचे काम विसरू शकतो काय? की मला ते विसरावयाचे होते?

गुरुवार, ता. १६ नोव्हें.

बोल्ट काढून कनवटीस बांधून ठेवला आहे. बोल्टावाचून गाडी जाणार नाही.

चि. वा. सकाळी: "बाबा, बोल्ट कुठं हाय?"

"मजजवळ."

"द्या."

"नाही."

"पोरासारखा काय करता? रविवारी सिंधूला घेऊन केळव्याला जायचा हाय. तिच्या भावाच्या लग्नाची बोलनी हायेत. तिनं निरोप पन धाडलाय."

"बसने जा."

"गाडी दारात असून बसनं जाऊ?" पाय आपटीत ट्रकसाठी गेला.

सिंधू मध्ये पडली नाही. दुपारी तिने इतकेच विचारले, "तो मानूस परत आला तर काय सांगू?"

मी म्हणालो, बसवून घे.

खुर्चीवर स्वस्थ बसलो असता कनवटीतील बोल्ट कातडीशी फिरतो असा भास होतो. पाव वेढा. थोडा वेळ जातो. पाव वेढा. तीन वेळा सोडून पाहिले. गाठ जशीच्या तशी होती. लोखंड अंगाच्या उबेने तापावयास हवे. ते थंड आहे.

शुक्रवार, ता. १७ नोव्हें.

चि. वामनास सांगितले. ओट्यावर उभे राहून, जसे घडले तसे: गुरुवारी पहाटे पाना मी लावला, आटे गेल्याचे मला कळले, सूत भरून झाकले, रविवारी बोल्ट आपोआप बाहेर पडला तोही पुन्हा बसविला. जानू तांडेल फाटकाशी होता. त्याच्यादेखत सांगितले.

जानू म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री, हात हाय, चुकतो कधी." आणि निघून गेला. त्याने थट्टा केली असती तर बरे झाले असते.

वामनने विचारले, "त्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो, तवा तुमाला ठावं होता?"

"होय."

"शुक्रवारी, शनिवारी?"

"होय."

"सोमवारी पन? बोल्ट आपोआप बाहेर पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी?"

"होय."

तो उठला. खाडीकडे गेला, भरतीची वेळ टळून गेल्यावर आला. जेवताना म्हणाला, "उद्या सुट्टी काढतो. पालघरला लेथवाला हाय." मे महिन्याविषयी मी सांगितले नाही. एका दिवसात एवढेच जमले.

शनिवार, ता. १८ नोव्हें.

गाडी ओळखीच्या ट्रकात चढवून पालघरला नेली. लेथवाला हसन मिस्त्री, चाळिशीचा, मितभाषी. भोक मोठे करून त्यात पितळी बुश बसविला, बुशात नवे आटे पाडले. हात उत्तम. बोल्ट मी कनवटीतून काढून दिला. त्याने तो उजेडात धरला, नाकारला आणि नवा घातला. जुना मला परत देऊ लागला. मी घेतला नाही.

काळे सूत मी कागदात बांधून नेले होते. त्याला दाखविले. त्याने बोटांत चुरून पाहिले. "चाचा, जिसने बांधा, कारीगर था. लेकिन उसको मालूम होना चाहिए था, ये सूत का काम नहीं."

"मालूम था," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो कागद पुन्हा घडी करून माझ्या हातात ठेवला, दोन्ही हातांनी.

परतताना ट्रकच्या मागे आम्ही दोघे गाडी धरून उभे होतो. तेथे वामनास ता. ७ मे सांगितली. वहीतील शब्द मुखोद्गत झाले आहेत, तेच म्हटले. वाऱ्यामुळे ओरडून सांगावे लागले. अशा गोष्टी ओरडून सांगण्याच्या नसतात.

तो म्हणाला, "म्हैस आडवी आली होती, बाबा."

"तू पाहिलीस?"

"नाय."

"कोणी पाहिली?"

गाडीचे हँडल नीट धरून घेत म्हणाला, "कोनीच नाय बघितली. साहेब एकटेच होते."

"त्यांच्या वडील बंधूंस जाऊन सांगणार आहे."

"सांगून काय व्हनार? ते काय करतील, तुमाला ठावं हाय? पोलिसात जातील. गावात तोंड दाखवता येनार नाय. बावीस वर्षांचा नाव हाय तुमचा."

मी म्हणालो, त्या नावावर विश्वासून तो मुलगा गाडीवर बसला.

मुरब्यास उतरताना वामनने माझा हात धरला. गेल्या दहा वर्षांत धरला नव्हता.

रविवार, ता. १९ नोव्हें. सकाळ.

केळव्याचे जाणे रहित. सिंधूने आपण होऊन सांगितले, "भावाची बोलनी माझ्याबिगर पन व्हतील. तुमी जाऊन या." तिला सर्व ठाऊक झाले आहे. वामनने सांगितले असावे.

मोटारसायकलनेच जावयाचे. बसने जाऊ, असे वामन दोनदा म्हणाला. मी नको म्हणालो. त्याच गाडीवरून त्यांच्या दारात उतरणे योग्य. हसन मिस्त्रीने आवळलेला बोल्ट मी तपासला नाही. हात पुढे गेला होता, मागे घेतला. रात्री ओढलेली पांढरी रेघ सकाळी सलग होती. गेल्या दहा दिवसांत प्रथमच.

एक अडचण आहे. गाडी प्रकल्पावरच ताब्यात मिळाली होती, त्यामुळे बंधूंचे घर वामनने पाहिलेले नाही. बोईसर स्टेशनच्या पलीकडे, नव्या चाळींत, एवढेच ठाऊक. विचारीत जावे लागेल.

काय बोलावयाचे ते लिहून पाहिले. "आपल्या कनिष्ठ बंधूंच्या निधनास मी कारण असण्याचा संभव आहे." खोडले. संभव हा शब्द मागील दार उघडे ठेवतो. "आपल्या बंधूंनी माझ्यावर विश्वास ठेवला." खोडले. तिसरे वाक्य सुचलेले नाही. काळे सूत व मेची वही पिशवीत घातली आहेत. वही त्यांनी स्वतः वाचावी, बांगड्यासकट.

धोतर स्वच्छ नेसलो आहे. वामन बाहेर फाटकाशी गाडी पुसतो आहे. येथून खिडकीतून दिसतो.

सिंधू आत्ता आत आली. पदराला हात पुसत, हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, ते आलेत. त्या दिवशीचे."

"कोठे?"

"फाटकाशी उभे हायेत, गाडीजवळ. तुमी निघालात ता त्यांना ठावं हाय. बोलतात, घर मी दाखवतो जी."

मी खिडकीतून पाहिले. वामन वाकून पुढचे चाक पुसतो आहे. त्याने मान वर केलेली नाही. दुसरे कोणी मला दिसत नाही. सिंधू मात्र दारातून त्याच्या डावीकडे पाहत आहे, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, आणि कोणी बोलत असता ऐकून घ्यावे तशी मान हलविते आहे.

मी तिला म्हणालो, त्यांना सांग, टोपी घालून येतो.